वर्षाची बेगमी : रावेर परिसरातील कोठीघराचा इतिहास

समाजाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे लेखणी सहजच वतने, सनदा, तंटे आणि कर्तबगार पुरुष यांजकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. कारण त्यांचे कागद उपलब्ध असतात. परंतु हे कर्तबगार पुरुष ज्या अन्नावर जगले, ते अन्न वर्षभर कोणी, कोठे व कसे राखले, याचा कागद कोणीही केलेला नाही. घराच्या मागील बाजूची ती अंधारी, थंड, शेणामातीने सारवलेली कोठी हे आमच्या मते आपल्या लेवा पाटीदार समाजाचे एक महत्त्वाचे दफ्तरच होय. त्यातील नोंदी अक्षरांत नसून मापांत होत्या, आणि ते दफ्तर राखणारी व्यक्ती बहुधा निरक्षर होती, एवढाच काय तो फरक. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातील या कोठीघराची हकीकत, ज्ञातीतील वृद्ध स्त्रियांकडून ऐकलेली माहिती आणि इतिहासातील प्रसिद्ध घटना यांची सांगड घालून, वाचक बंधुभगिनींपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. वर्षभराच्या साठ्याला आपण 'बेगमी' म्हणतो. हा शब्द फारसीतून आला. 'गम' म्हणजे दुःख अथवा चिंता; ती जेथे नाही ती बेगमी. म्हणजे मुळात या शब्दाचा अर्थ 'निश्चिंती' असा आहे, व धान्याचा साठा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. ज्या घरात पावसाळ्यापूर्वी ज्वारी कणगीत पडली, त्या घराची चिंता मिटली, हे आपल्या पूर्वजांनी भाषेतच नोंदवून ठेवले आहे. कोठीघर श्रीमंतीच्या प्रदर्शनासाठी नव्हते; बेताच्या मिळकतीचे कुटुंब दुसऱ्याच्या दारात न जाता वर्ष कसे काढील, या प्रश्नाचे ते उत्तर होते. पुढील सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे.

साठवणीचा विचार आपल्या देशात फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना, साठ्यातील निम्मा भाग प्रजेवरील आपत्तीसाठी बाजूस ठेवावा, निम्मा वापरावा आणि जुन्या धान्याच्या जागी नवे भरीत जावे, असा नियम घालून दिलेला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील छावणीला लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणावैरण आधीच उधळून टाकाल, तर ऐन पावसात रयतेला उपद्रव देण्याची पाळी येईल, अशी ताकीद त्यात आहे; एवढेच नव्हे, तर उंदीर दिव्याची जळती वात पळवून नेईल आणि गवताला आग लागेल, हा धोकाही त्यात सांगितलेला आहे. राज्य चालविणाऱ्या पुरुषाने जी दूरदृष्टी कागदावर मांडली, तीच दूरदृष्टी खानदेशातील गृहिणी चुलीजवळ आचरीत होती.

भूमी आणि खळे

उत्तरेस सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस तापी, यांमधील काळ्या कसदार जमिनीचा पट्टा म्हणजे रावेर तालुका. खरिपाची ज्वारी व बाजरी, रब्बीची दादर, गहू, हरभरा, तूर, उडीद, मूग, भुईमूग व तीळ ही येथील जुनी पिके. जमीन उदार असली तरी ऋतू उदार नसे. मृग लागला, की सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाले फुगत, काळ्या मातीचे रस्ते चिखलाने बंद होत, आणि आठवड्याचा बाजार गाठणेही अनेकदा अशक्य होई. त्यामुळे चार महिने घर जे काही खाईल ते ज्येष्ठापूर्वीच घरात असले पाहिजे, हा नियम निसर्गानेच घालून दिला होता.

साठवणीचा आरंभ घरात होत नसे. तो खळ्यावर होई. रास तयार झाली म्हणजे तिचे वाटे पडत. पुढील वर्षाचे बियाणे प्रथम बाजूस निघे. कणसे निवडून, राख लावून ते वेगळे बांधले जाई, आणि घरात कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावणे हे पाप समजले जाई. मग सुतार, लोहार, कुंभार, न्हावी आदी बलुतेदारांचे बलुते, सालदाराचे ठरलेले धान्य, सरकारच्या साऱ्यासाठी व सावकाराच्या देण्यासाठी विकावयाचा भाग, आणि हे सर्व देऊन उरेल ते घराचे. म्हणजे कोठीघर हा राशीचा शेवटचा वाटेकरी होता.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर सारा रोख रकमेत आणि ठरल्या तारखेस भरण्याची सक्ती वाढली. परिणाम असा झाला, की ज्या वेळी सर्वांचेच धान्य बाजारात येते व भाव उतरलेला असतो, नेमक्या त्याच वेळी शेतकऱ्यास विकावे लागे. आणि आषाढ-श्रावणात भाव चढला, की तेच धान्य परत घ्यावे लागे. ज्याच्या कोठीत माल पुरेसा होता तो या चरकातून सुटला. ज्याच्या नव्हता तो वाढीदिढीच्या फेऱ्यात सापडला.

वाढीदिढी हा प्रकार आजच्या तरुण पिढीस ठाऊक नसेल, म्हणून थोडे स्पष्ट करतो. पेरणीच्या दिवसांत सावकाराकडून चार मण ज्वारी आणली, तर सुगीस सवाईने पाच मण किंवा दिढीने सहा मण परत करावयाची. आषाढात घेतलेले मार्गशीर्षात फेडले तर मध्ये जेमतेम पाच महिने जात. तेवढ्या काळात एकाचे दीड. रोख कर्जावर असे व्याज कोणी सांगितले असते तर ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवले असते. परंतु धान्याच्या मापात ते सहज पचून जाई. घरच्या कणगीतील प्रत्येक पायली ही या व्याजापासून वाचलेली पायली होती. कोठीघराचे खरे मोल समजून घेण्यास हा एकच हिशेब पुरेसा आहे.

साठवणीची साधने आणि त्यांतील शास्त्र

कणगी ही सर्वांत परिचित. तुराट्या, निरगुडीचे फोक किंवा बांबूच्या कामट्या विणून ती करीत, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपीत आणि जमिनीची ओल लागू नये म्हणून दगडांवर बसवीत. मातीच्या मोठ्या कोठीला वरून धान्य ओतण्यास तोंड आणि तळाशी चिंधीच्या बोळ्याने बंद केलेले भोक असे. वरून नवे पडे, खालून जुने निघे. कौटिल्याने सांगितलेला नियम येथे कोणालाही न शिकविता आपोआप पाळला जाई. सधन वाड्यांत भिंतीलगत दुसरी आडभिंत घालून बळद करीत. परक्या माणसाला ती नुसती जाड भिंतच वाटे, आणि दरोड्याच्या धामधुमीत हेच बळदाचे मोठे भूषण होते.

पेव ही जमिनीखालची साठवण. काळ्या जमिनीत ओल फार, म्हणून गावठाणातील उंच, मुरमाड जागा त्यासाठी पाहत. तळाला व बाजूंना कडबा, भुसा लावून ज्वारी भरीत आणि तोंड मातीने बंद करीत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, असा दंडक होता व तो मोडणारे प्राणास मुकल्याच्या गोष्टी गावोगाव सांगितल्या जात. याचे कारण असे, की बंद जागेत धान्य व कीड यांच्या श्वसनाने प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तोच वायू किडीस मारून धान्य राखीत असे, आणि तोच बेसावध माणसाचा घात करी.

लहान जिनसांसाठी मडक्यांची उतरंड असे : तळाला रांजण, त्यावर उतरत्या क्रमाने मडकी, आणि सर्वांत वर वेलदोडे-लवंगांचे बोळके. थोड्या जागेत पुष्कळ वस्तू राहाव्यात, उंदरांस चढता येऊ नये आणि प्रत्येक वस्तूची जागा अंधारातही हाताला सापडावी, हे तीनही हेतू त्यात साधत. दूध, दही, लोणी शिंक्यावर टांगलेले असे. ज्यांची घरे लहान, त्यांनी भिंतीतील कोनाडे आणि छताखालची माळी यांचा उपयोग केला. अडचणीच्या जागेतून सोय काढण्याची ही बुद्धी आजच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडालाही मार्गदर्शक ठरावी.

धान्य भरण्यापूर्वी त्याला कडक ऊन देणे हा पहिला संस्कार. दाणा दाताखाली धरला असता 'कट्' असा वाजला, तरच तो वाळला असे मानीत. दाण्यात ओल कमी असली म्हणजे कीड व बुरशी यांना वाढता येत नाही, हे आज शास्त्र सांगते. ज्वारीत गोवऱ्यांची चाळलेली राख मिसळीत; राखेच्या बारीक कणांनी किड्याच्या अंगावरील पातळ आवरण खरवडले जाऊन तो शुष्क होऊन मरतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला थराथरांत घालीत. डाळीस एरंडेलाचा हात लावीत. तेलाच्या पापुद्र्याने किडीच्या अंड्यास हवा मिळत नाही. तूर सबंध ठेवण्याऐवजी भरडून डाळ करून ठेवण्यातही मर्म होते, कारण कडधान्यातील भुंगा अंडी घालतो तो प्रामुख्याने अखंड दाण्यावर. प्रयोगशाळा न पाहिलेल्या स्त्रियांनी केवळ निरीक्षणाने हे सारे जाणले होते.

बेगमीचे पंचांग

आपल्या घरांत दोन पंचांगे असत : एक भटजींचे आणि एक कोठीचे. भाद्रपद-आश्विनात मूग-उडीद, कार्तिक-मार्गशीर्षात खरिपाची ज्वारी व भुईमूग, पौष-माघात तूर, फाल्गुनात दादर, हरभरा व गहू, चैत्रात नवी चिंच आणि लाल मिरची. हरभऱ्याचा कोवळा पाला, गवार, वांगी यांसारख्या भाज्या हिवाळ्यात मुबलक असताना चिरून वाळवून ठेवीत. कारण आषाढात भाजी मिळणे दुरापास्त असे.

परंतु कोठीचा खरा उत्सव उन्हाळ्यात. आखाजीस लेकी माहेरी येत, आणि झोके-गाण्यांच्या जोडीने धाब्यावर वाळवणांची रांग लागे. ज्वारी भिजवून, भरडून, शिजवून, त्यात लसूण, मिरची, तीळ घालून थापलेले बिबडे, उडदाचे पापड, शेवया, मुगाच्या वड्या, आणि गहू तीन दिवस भिजवून काढलेल्या चिकाच्या कुरडया. चीक काढून उरलेला चोथाही कोणी टाकीत नसे. त्यात तिखट-मीठ घालून भुसवड्या होत. डाळ भरडताना निघालेली चुणी जनावरांस, तेल काढून उरलेली पेंड जनावरांस, आणि त्या जनावरांच्या शेणाच्या गोवऱ्या पुन्हा चुलीस. पावसाळ्याच्या बेगमीत कोरड्या सरपणास धान्याइतकाच मान होता. कारण ओल्या लाकडाने ज्वारीची भाकरी भाजत नाही, हे अनुभवाने ठाऊक होते.

खर्चाच्या दृष्टीने पाहता आपला नित्याचा आहारही साठवणीस धरूनच ठरलेला दिसतो. कळण्याच्या भाकरीचे उदाहरण घ्या. ज्वारीत थोडे उडीद व मीठ घालून दळले, की नुसत्या चटणीबरोबर किंवा ठेच्याबरोबरही ती भाकरी पुरी होते. निराळे वरण लागत नाही. धान्य आणि कडधान्य एकत्र खाल्ले असता अंगास लागणारी प्रथिने अधिक चांगली मिळतात, हे आजचे आहारशास्त्र मान्य करते. वरण-बट्टी सणासुदीची आणि पाहुण्यांची. कळण्याची भाकरी रोजची. या विवेकावर घरे उभी राहिली.

हे सर्व श्रम स्त्रीचे होते. पहाटे घरोट ओढल्याशिवाय न्याहारी नसे. आपल्याच समाजातील, आसोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांत घरोटाला मानाचे स्थान मिळाले, आणि १९५२ साली ती गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यावर महाराष्ट्राला या श्रमांची ओळख पटली. परंतु येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. कोठीची किल्ली सासूच्या कमरेला असे, धान्य मापून मिळे, आणि घरातील सून सर्वांच्या शेवटी जेवावयास बसे. साठा आटू लागला, की पहिली काटकसर तिच्या ताटात होई. तसेच ज्या सालदाराने व मजुराने राशीस हात लावले, त्यांच्या घरी चार मडक्यांची उतरंड असे आणि ती आषाढातच पालथी पडे. कोठीच्या वैभवाचे गोडवे गाताना हे उपाशी हात विसरले तर तो इतिहास अपुरा राहील.

संकटांची परीक्षा

कोठीघराची खरी परीक्षा दुष्काळात होई. १६३० ते १६३२ या काळात गुजरात-दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी शहाजहान बादशहा रावेरपासून जवळच असलेल्या बुऱ्हाणपुरात मुक्कामास होता. तेथे सरकारी लंगरे उघडली गेली आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले जात, अशी नोंद दरबारी इतिहासात आहे. त्याच सुमारास पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे खानदेशातून गेला. त्याने वाटेवर पाहिलेली प्रेते आणि ओस गावे यांचे वर्णन आजही वाचवत नाही. दैवी आपत्तीस मानवी आपत्तीची जोड मिळाली ती १८०३-०४ मध्ये. शिंदे-होळकरांच्या धामधुमीत व पेंढाऱ्यांच्या लुटीत खानदेश उजाड झाला. अशा काळात उघडी कणगी टिकत नाही. बळद आणि पेव यांचे महत्त्व तेव्हा कळते.

१८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला आणि भुसावळ-खांडवा रस्त्यावरील रावेरचा संबंध साऱ्या देशाशी आला. त्यापूर्वीच, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचे दिवस आले होते. पैसा आला, परंतु ज्वारीची रास लहान झाली. आगगाडीने दुष्काळात धान्य आणलेही आणि भाव चढताच नेलेही. कापूस विकता येतो, पण शिजवून खाता येत नाही, हा धडा १८७६ ते १८७८ च्या आणि त्याहून कठोर अशा १८९९-१९०० च्या दुष्काळाने शिकविला. संवत् १९५६ मुळे 'छप्पन्नचा' म्हणून तो वृद्धांच्या तोंडी राहिला. ज्यांच्याकडे मागील वर्षाची ज्वारी शिल्लक होती त्यांनी जनावरे व जमीन राखली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांची आधी जनावरे गेली, मग भांडी, मग शेत.

त्याच सुमारास प्लेगही आला. १८९६ साली तो मुंबईत उद्भवला आणि पुढील वर्षांत खानदेशात पसरला. घरात उंदीर पडला, की लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहत. धान्याच्या कोठीत उंदरांची वस्ती आणि उंदरांवरील पिसवांतून रोग, हा संबंध विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांनी सिद्ध केला. तेव्हा दगडी फरसबंदी, घट्ट झाकणे आणि पत्र्याची भांडी यांचे महत्त्व लोकांस पटू लागले.

पत्र्याच्या भांड्यांचाही इतिहास मनोरंजक आहे. रॉकेल ज्या चौकोनी डब्यांतून येई, ते रिकामे डबे खानदेशातील घराघरांत धान्याचे डबे झाले. १९३७ साली डालडा तूप बाजारात आले आणि त्याचे पिवळे डबे डाळी-साखरेसाठी फळीवर जाऊन बसले. तेलाचा डबा आजही अनेक घरांत पिठासाठी वापरतात. ज्या भांड्याची किंमत माल घेताना आपण दिलेलीच आहे, ते टाकावयाचे नाही, ही वृत्ती त्यामागे आहे.

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तेथे ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडण्यात आले होते आणि त्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले. हातसडीचा तांदूळ, हाताने दळलेले पीठ, घाण्याचे तेल यांचा पुरस्कार गांधीजी त्या काळी करीत होते. आपल्या भगिनींस त्यात नवे काही नव्हते, परंतु आपल्या कोठीतील रोजच्या वस्तूंना देशकार्यात स्थान मिळालेले पाहून त्यांना धन्यता वाटली असल्यास नवल नाही. पुढे गिरणी गावोगाव आली आणि घरोट कोपऱ्यात गेले. पहाटेचे श्रम वाचले, याबद्दल आम्ही गिरणीचे ऋणीच आहोत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याचे नियंत्रण आले. १९४३ साली मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले आणि शेतकऱ्याच्या घरातील साठ्याकडे सरकारचे लक्ष गेले. ज्या कणगीस कालपर्यंत दूरदर्शीपणा म्हणत, तिलाच साठेबाजी म्हणण्याची वेळ आली. घरापुरती बेगमी आणि भाव चढविण्यासाठी दडवून ठेवलेला माल, यांतील भेद तेव्हापासून समाजास विचारपूर्वक करावा लागला. आमच्या मते कसोटी सोपी आहे : जे आपल्या घरच्या तोंडांस व दारी येणाऱ्या गरजूस लागेल ती बेगमी, जे शेजारी उपाशी असता भावाची वाट पाहते ती साठेबाजी.

१ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि १९५८ पासून मेट्रिक वजने सुरू झाली. शेर, पायली, मण, खंडी ही मापे हळूहळू मागे पडली. गृहिणींची मोठी अडचण झाली. कारण वर्षाचा सारा हिशेब त्यांच्या मनात पायलीत होता. अनेक घरी बाजारातून किलोने आणून घरात पायलीने मापण्याचा प्रघात कितीतरी वर्षे चालू राहिला.

१९७२ चा दुष्काळ पुष्कळांच्या स्मरणात आहे. रोजगाराच्या कामांवर खडी फोडणारे हात, मुलांना मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यांच्या आठवणी अद्याप निघतात. त्या मिलोची भाकरी घशाखाली उतरेना, तेव्हा घरच्या दादरची किंमत कळली, असे म्हाताऱ्या स्त्रिया सांगतात.

केळीच्या बागा आणि रिकामी कणगी

विहिरी, वीज आणि पुढे ठिबक सिंचन यांच्या बळावर रावेर तालुका केळीचे आगर बनला. येथून आणि सावद्याहून केळीच्या वाघिणी दिल्लीकडे जाऊ लागल्या. २०१६ साली जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु केळी साठविता येत नाही; ती आज कापली तर उद्या विकलीच पाहिजे. कापसाच्या वेळी जे घडले, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. वादळाने बाग एका रात्रीत आडवी होते किंवा भाव कोसळतो, आणि ज्याच्या पूर्वजांच्या घरी वर्षाची ज्वारी कणगीत असे, तो शेतकरी ज्वारीही दुकानातून आणतो. घरे पक्की झाली, कणग्या गोठ्यात गेल्या आणि अखेर चुलीत गेल्या. तरुण मंडळी पुणे, नाशिक, मुंबई येथे लहान बिऱ्हाडांत राहू लागली. मग बेगमीचा हा वारसा केवळ आठवणीपुरताच उरावा काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे.

थोडा हिशेब करू. श्रमाची कामे करणाऱ्या पाच माणसांच्या कुटुंबास दिवसाला सुमारे दोन किलो धान्य लागते असे धरले, तर महिन्याचे साठ किलो आणि वर्षाचे सुमारे सात क्विंटल होतात. जुना मण साधारण सदतीस किलोंचा. म्हणजे सुमारे एकोणीस मण. यातील दहावा हिस्सा जरी किडीने खाल्ला, तरी सत्तर किलो, म्हणजे महिन्याहून अधिक दिवसांचे अन्न गेले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास माणशी पाच किलो धान्य मिळते व जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांस पंचवीस किलो. हा आधार मोलाचा आहे, परंतु उरलेले पस्तीस किलो कुटुंबाने स्वतःच पाहावयाचे आहे. काटकसरीस वाव आहे तो येथे.

जुन्या कोठीघराने शिकविलेले नियम आजच्या फळीवरही लागू पडतात. पहिला नियम असा, की सुगीच्या वेळी घ्यावे : गहू-दादर फाल्गुन-चैत्रात, डाळ माघानंतर, मिरची व चिंच चैत्रात. वर्षाचे एकदम घेण्याची ऐपत वा जागा नसेल तर तीन महिन्यांचे घ्यावे. दोन-चार कुटुंबांनी मिळून पोती आणून वाटून घेतली तर वाहतूकही वाचते. दुसरा असा, की टिकणारे व न टिकणारे यांत भेद करावा. ज्वारी, गहू, डाळी, मिरची, चिंच वर्षभर राहतात. तेल, शेंगदाणे, रवा, बेसन ही खवट होतात वा त्यांत जाळी धरते, म्हणून ती महिन्यापुरतीच आणावीत. बुरशी आलेला शेंगदाणा निवडून खाण्यापेक्षा टाकलेला बरा. ते विष आहे. तिसरा नियम नवे मागे, जुने पुढे हा. त्यासाठी डब्यावर महिन्याची चिठ्ठी लावली की पुरे. चौथा असा, की राहत्या घरात विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या धान्यात कदापि ठेवू नयेत. त्यांनी माणसे दगावतात. ऊन, कडुनिंबाचा पाला, डाळीस तेलाचा हात आणि घट्ट झाकण, एवढे घरापुरत्या साठ्यास पुष्कळ आहे.

पाचवा नियम मात्र जुन्या कोठीघरात नव्हता, तो आपण घालावयाचा आहे. किल्ली एकीच्या कमरेला आणि कष्ट दुसरीच्या माथी, ही रीत आता संपली पाहिजे. वर्षाचा हिशेब घरातील सर्वांस ठाऊक असावा, वाळवणाला मुलग्यांनीही हात लावावा, आणि ताट वाढताना शेवटी बसणारीच्या वाट्यास काय उरले आहे, हे प्रथम पाहावे.

आपल्या प्रत्येक कुटुंबात अद्याप एखादी आजी अशी आहे, जिला कोणती जिन्नस केव्हा भरावी, किती पायल्या लागतात, ऊन किती द्यावे, हे तोंडपाठ आहे. तिचे हे ज्ञान वहीत उतरून घ्यावे, तिच्या मापांचे किलोत रूपांतर करून ठेवावे, आणि ती वही लेकी-सुनांबरोबर मुलांच्याही हाती द्यावी, अशी आमची ज्ञातिबांधवांस आग्रहाची विनंती आहे. सनदा आणि वतने इतिहासजमा झाली. परंतु पाऊस लांबला, भाव पडला किंवा हातचे काम गेले, तरी घराची चूल पेटती ठेवणारी विद्या कधीही जुनी होत नाही. तिचेच नाव बेगमी, आणि तिचा अर्थ आजही तोच आहे : निश्चिंती.